वडगावचा नंबर हलेना

१

कारखान्याच्या फाटकात त्या सकाळी उसापेक्षा माणसंच जास्त होती. नदीपलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या गावांनी ट्रॅक्टर आडवे लावले होते. शेतकी ऑफिसच्या भिंतीवरचा फळा कुणीतरी खिळ्यासकट उपटून आणून रस्त्याच्या मधोमध उभा केला होता. फळ्यावर खडूनं लिहिलेलं : आजची तोड, वडगाव रासाई.

पूनम जीपमधून उतरली. मागून तिची सासू बयाबाई उतरली, कडेवर स्वप्नाली. पोरीला अजून दात यायचे होते आणि बाटली तोंडाला लावली की ती मान फिरवायची. म्हणून बयाबाई रोज नातीला घेऊन कँटीनमागच्या खोलीत बसायची आणि पूनम मध्ये मध्ये जाऊन पाजून यायची.

"वाचा की बाई मोठ्यानं," गर्दीतला एकजण म्हणाला. "तुमचंच अक्षार हाय."

अक्षर तिचंच होतं. कॉम्प्युटर जे गाव सांगेल ते रोज फळ्यावर लिहायचं, हे तिचं काम.

"माहेर यवतला, म्हंजी आमच्या दौंडात," दुसरा म्हणाला. "सासर शिरूरात. आन् ऊस तोडला कुणाचा? सासऱ्याचा."

"आरं, म्हस्कूचा तोडला. परवापर्यंत मेंढरामागं हुता, आता कॉम्प्युटरवाली सून हाय त्याला."

पूनमनं बयाबाईच्या पाठीला हात लावून तिला पुढं ढकललं. बयाबाईनं पदर पोरीच्या डोक्यावरून असा ओढून घेतला, जसं काही ऊन लागत होतं.

दोन हजार तीनचा तो गळीत हंगाम. दोन हंगामांपूर्वी कुणीतरी हातानं नंबर खालीवर केले म्हणून मोठा राडा झाला होता. तेव्हापासून संचालकांनी ठरवून टाकलं होतं की ऊसतोडीचा नंबर माणसानं लावायचा नाही. दिवसभरात काट्यावर कुठल्या गावचा किती ऊस आला हे कॉम्प्युटरनं संध्याकाळी आपलं आपण गोळा करायचं, ज्या गावाचा वाटा पुरा झाला त्याला खाली सरकवायचं आणि पुढच्याला वर घ्यायचं. हंगाम वडगाव रासाईपासून सुरू झाला, कारण तिथल्या उसाच्या लागणी आधीच्या. तोवर ठीक होतं. पण वडगावचा वाटा संपला तरी गाव सरकलं नाही. तोडणीच्या टोळ्या तिथंच तोडत राहिल्या. पिकलेला ऊस संपल्यावर अर्धकच्चा तुटायला लागला, त्यात म्हस्कू आबांचाही तुटला, आणि पलीकडच्या गावांत उभ्या उसाला तुरे येऊन वजन घटायला लागलं.

चेअरमनना सगळे दादा म्हणत. दादांनी केबिनमध्ये तिला बस म्हटलं नाही.

"तुझ्या सासऱ्याचा ऊस कवाचा लागणीचा?"

"उशिराचा, दादा. मी काही—"

"म्या इचारलं तेवढं सांग." त्यांनी टेबलावरचा टाइप केलेला कागद तिच्याकडं फिरवला. वर शिरूरच्या पोलिसांचं नाव होतं आणि खाली दादांच्या सहीची मोकळी जागा. मधे तिचं नाव, नवऱ्याच्या नावासकट. "दुपारी बोर्डाची मीटिंग हाय. तवर कारण दे. मशीन कुणी बंद पाडलं, कसं पाडलं. न्हाई दिलं तर म्या सही करतो. भाईर दोनशे माणूस बसलंय, त्यांना कायतरी दिल्याबिगर उठायचं न्हाई."

"दादा, पोर अंगावर पितंय माझं."

"म्हणून तर दुपारपर्यंत थांबलो," दादा म्हणाले.

२

कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली संपतकडं असायची. पूर्वी तो चिटबॉय होता. गावोगाव फिरून कुणाचा ऊस कधी तोडायचा याच्या चिठ्ठ्या तोच फाडायचा, आणि त्या काळी संपतला रस्त्यानं चालताना चहा नाकारता नाकारता जीव नकोसा व्हायचा. आता तो सकाळी खोली उघडायचा, संध्याकाळी लावायचा, आणि मधल्या वेळात दारातल्या स्टुलावर बसायचा.

"संपतभाऊ, संध्याकाळी मी गेल्यावर खोलीत कोण असतं?"

"म्याच असतो. म्हंजी संशय माझ्यावर."

"सगळ्यांवर आहे. माझ्यावर सगळ्यांत जास्त."

हे ऐकून तो जरा सैल झाला. "म्याडम, खरं सांगू का. मला बंद पाडायचं असतं तर गेल्या सालीच पाडलं असतं. तवा राग ताजा हुता."

पूनमला हसू आलं नाही, पण तिला ते पटलं. लहान लेकराच्या आईला एक सवय लागते. ते रडलं की ते का रडलं हे त्याला विचारता येत नाही. मग रडायच्या आधी काय झालं, गेल्या वेळी रडलं तेव्हा काय झालं होतं, तेवढंच जुळवत बसायचं. तिनं विचारलं, "संध्याकाळी मशीन आपलं आपण चालतं तेव्हा काय दिसतं तुम्हाला?"

"काय दिसतंय. एक काळी खिडकी येती आन् जाती. पापणी मिटायच्या आत."

"आणि गेल्या साली?"

संपतनं डोकं खाजवलं. "गेल्या साली ऱ्हायची की बराच येळ. म्या च्या पिऊन यायचो तरी ती आपली हायच. पांढरी अक्षरं वर वर पळायची."

"हे कुणाला सांगितलं होतं?"

"मला कोण इचारतंय."

तिनं पुण्याला फोन लावला. हा सगळा प्रोग्राम बनवून देणारा सत्यजीत पलीकडून बोलला. त्याचा आवाज दमलेला होता. सकाळपासून दादांचे फोन त्यालाही गेले होते.

"पूनम मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण प्रोग्राममध्ये काही नाही. गेल्या वर्षी पूर्ण हंगाम चालला ना तो? एक अक्षर बदललेलं नाही."

"पासवर्ड?"

"तेच आधी पाहिलं. संध्याकाळी आपोआप चालणाऱ्या फाइलला मुख्य पासवर्ड लागतो, तो फक्त व्हाइस चेअरमन भिमाजी आप्पांकडे. त्यांनी बदलला तरी प्रॉब्लेम नाही. बदलायचा पडदा मी असा केलाय की एकदा बदलला की डेटाबेसमध्येही बदलतो आणि फाइलमध्येही तोच लिहिला जातो. एकच पासवर्ड, दोन्हीकडे. आणि तो बरोबर आहे. आप्पा रोज सकाळी तोच टाकून मशीन उघडतात. उघडतं ना?"

"उघडतं."

"मग कुलूपही तेच, किल्लीही तीच. माणसाला दार उघडतं आणि मशीनला उघडत नाही, असं होत नसतं. कुणीतरी रोज संध्याकाळी ती फाइल सुरू होताच बंद करतंय. दादांनी विचारलं, की हे कोण करू शकतं. मी म्हणालो, ज्याला प्रोग्राम समजतो तो. मॅडम, तिथे तो फक्त तुम्हालाच समजतो."

३

कँटीनमागच्या खोलीत बयाबाईनं पोर तिच्या मांडीवर दिलं. स्वप्नाली भुकेली होती, पण धड पीत नव्हती. सारखी तोंड काढून आईकडं बघत होती.

"दूध आटलं का गं?" बयाबाईनं विचारलं.

"नाही आत्याबाई."

"मग तुझा जीव थाऱ्यावर न्हाई. पोराला कळतं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "पोलिसांनी नेलं तर राती बी ठेवून घेत्यात का?"

पूनमनं पोरीचं तोंड परत छातीशी लावलं. नवरा रांजणगावच्या कंपनीत पाळीवर होता. त्याला कळवलं असतं तर तो एवढंच म्हणाला असता की राजीनामा लिहून घरी ये. पण राजीनामा दिला म्हणजे तिनंच केलं असं झालं असतं. मग म्हस्कू आबांनी गावात कुठल्या तोंडानं फिरायचं? सगळे विचारत होते, नंबर कुठल्या दिवशी थांबला, त्या दिवशी खोलीत कोण होतं. तीही सकाळपासून तेच विचारत होती.

पोर खांद्यावर घेऊन पाठ थोपटता थोपटता तिचा हात थांबला.

संपत म्हणाला होता, यंदा खिडकी येते आणि जाते. यंदा कधीपासून, हे तो म्हणालाच नव्हता.

ती जवळजवळ पळतच खोलीत आली. संध्याकाळचं काम शेवटचं कधी पूर्ण झालं याची तारीख कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो. ती पाहायला कुठला पासवर्ड लागत नाही. तिनं पाहिली. पुन्हा पाहिली. ती तारीख या हंगामातली नव्हतीच. होळीच्या आधीची होती, गेल्या हंगामाच्या शेवटच्या दिवसाची.

नंबर थांबलाच नव्हता. यंदा तो एकदाही सुरू झाला नव्हता.

वडगाव पहिलंच गाव होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी, उसाच्या मोळीच्या पूजेला, पूनम इथं नव्हती. बाळंतपणाची रजा वाढवून ती यवतला माहेरी होती. त्यानंतर आठवड्यानं कामावर आली.

तिनं दादांना गाठलं आणि एका दमात सांगितलं. दादांनी शांतपणानं ऐकून घेतलं.

"म्हंजी रजेवर जायच्या आधीच करून ठिवलं असंल," ते म्हणाले. "कारण आण, पूनम. तारीख नको."

४

होळी ते मोळी या मधल्या काळात मशीन बंद होतं. कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणं गव्हाणीत पहिली मोळी टाकली त्याच दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा झाली, तशी कॉम्प्युटरचीही झाली. वाळलेली झेंडूची माळ अजून पडद्यावर लटकत होती. त्या दिवशी एकच गोष्ट बदलली होती. आप्पांनी नवा पासवर्ड ठेवला होता.

व्हाइस चेअरमन भिमाजी आप्पा त्यांच्या केबिनमध्ये ताठ बसले होते. नंबरांचा राडा झाल्यावर पासवर्ड कुणाकडं ठेवायचा यावर बोर्डात भांडण झालं, तेव्हा एका आप्पांच्या नावाला कुणी हरकत घेतली नव्हती. रोज सकाळी ते खोलीत यायचे, सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं करायचे आणि एका बोटानं, सावकाश, पासवर्ड टाकायचे.

"आप्पा, पासवर्ड काय आहे ते विचारत नाही."

"इचारलंस तरी सांगणार न्हाई. बोर्डाला शब्द दिलाय."

"बदलताना काही अडचण आली होती का? मशीननं काही नको म्हटलं?"

"काय न्हाई. रोज उघडतंय न्हवं? आज बी उघडलं." त्यांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "काय खाल्लंस का सकाळपासनं?"

तिनं मान हलवली. आप्पांनी एक चिठ्ठी ओढली. आधी वरच्या बाजूला मधोमध, दागिना घडवावा तसं सावकाश, दोन उभ्या दांड्या, श्री, परत दोन दांड्या काढल्या आणि त्याखाली लिहिलं : हिला पोहे आणि दूध द्यावे.

"पोरी, तू केलंस असं मला वाटत न्हाई," चिठ्ठी देताना ते म्हणाले. "पर मला काय वाटतंय त्यावर बोर्ड चालत न्हाई."

चिठ्ठी हातात घेऊन ती परत कॉम्प्युटरपुढं येऊन बसली. कँटीनला गेलीच नाही. मीटिंगसाठी संचालकांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. दूध भरून छाती दुखत होती आणि हाताला घाम सुटला होता. नुसतंच काहीतरी करायचं म्हणून ती की-बोर्डवरून बोटं फिरवत राहिली, आणि तिच्या करंगळीला लाल लागलं.

तिला आधी वाटलं, कुठं कापलं. पुसलं तर कापलेलं नव्हतं. कुंकू होतं.

कुंकू एंटरच्या वरच्या बटणावर होतं. बाकी सगळी बटणं स्वच्छ होती, कारण ती रोज वापरून घासली जात होती. या एका बटणाला कामावर आल्यापासून तिनं हात लावलेला नव्हता. लावायचं कारणच नव्हतं.

"संपतभाऊ, मोळीच्या दिवशी इथं कुंकू कुणी वाहिलं?"

"मुक्ताबाईंनी. आप्पांच्या मंडळीनं. मशीनला लावलं, आप्पांच्या कपाळाला लावलं. आप्पांनी बी चिमूट उचलून मशीनला वाहिली. मग आम्हाला सगळ्यांना भाईर काढलं, पासवर्ड टाकायचाय म्हणून."

"हात पुसला होता त्यांनी?"

"आता कुंकवाचा हात कुणी पुसतंय का म्याडम?"

आप्पा एका बोटानं लिहायचे, आणि रोज सकाळी पासवर्ड टाकताना हे बटण दाबत असणार. पण नखाच्या टोकानं, जपून. कडेच्या फटीत कुंकू राहूनच गेलं होतं. पूनमनं त्या बटणावरचं चिन्ह पाहिलं. शिफ्टबरोबर दाबलं की एक उभी दांडी उमटते. तिच्या दुसऱ्या हातात चिठ्ठी होती.

आता एकच करून पाहायचं राहिलं होतं. फाइल आपली आपण सुरू झाली की खिडकी कामाबरोबर मिटते. पण आधी काळी खिडकी आपण उघडून ठेवली आणि तिच्या आतून फाइल चालवली, तर काम मेलं तरी खिडकी मिटत नाही. तिनं खिडकी उघडली, फाइलचं नाव लिहिलं, एंटर दाबलं.

पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली आणि थांबली. पासवर्डाची जागा रिकामी आहे, अशी एक तक्रार. आणि त्याखाली दुसरी : 'श्री' नावाचं काम मला ठाऊक नाही.

तिनं पुण्याचा नंबर फिरवला.

"सत्यजीत, काळ्या खिडकीत लागोपाठ दोन उभ्या रेघा आल्या तर काय होतं?"

"रेघा? तिथं वाक्य तुटतं. मशीन समजतं की अलीकडचं एक काम झालं, ते जमलं नाही तर पलीकडचं कर. का?" पलीकडून बटणं खडखडल्याचा आवाज आला आणि थांबला. "मॅडम. पासवर्डात उभ्या रेघा कोण टाकतं?"

"मी काही बोलले नाही."

"अहो पण हाताने टाकला तर... बरोबर आहे. हाताने टाकताना त्या चौकटीला रेघ म्हणजे नुसती रेघ. दार उघडणारच. आणि फाइलमध्ये तोच पासवर्ड त्या खिडकीतून गेला की पहिल्याच रेघेला तुटणार. मी हा विचारच केला नव्हता." त्याचा आवाज खाली आला. "फाइलमध्ये पासवर्डाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घाला. मग रेघा रेघाच राहतात. पासवर्ड बदलायचीसुद्धा गरज नाही."

फोन ठेवून ती वळली. संपत पाठीमागं उभा राहून पडदा वाचत होता. इंग्रजी त्याला फार येत नव्हतं, पण तो शब्द येत होता.

"ह्योच पासवर्ड व्हय," तो हळूच म्हणाला. "म्याडम, आप्पाबिगर ह्यो कुणाला म्हाईत नसाय पायजे. आता तर तुम्ही मेलाच की."

५

मीटिंगला सगळे संचालक हजर होते. दादांच्या पुढ्यात तो टाइप केलेला कागद आणि त्यावर पेन.

पूनम उभी राहिली. पासवर्ड आपल्या तोंडानं म्हणायचा नाही एवढंच तिनं ठरवलं होतं.

"यंदा मशीन एकदाही चाललं नाही," ती म्हणाली. "म्हणजे बिघाड पहिल्या दिवशीच झाला, मोळीच्या दिवशी. त्या दिवशी की-बोर्डला कुंकवाचं बोट लागलंय, जे बटण कुणी वापरत नाही त्याला. त्या दिवशी खोलीत एकटं कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे." ती आप्पांकडं वळली. "आप्पा, कागदावर काहीही लिहायच्या आधी तुम्ही वर काय काढता?"

कोपऱ्यातला एक संचालक हसला. "काय काढत्यात म्हंजी? श्री काढत्यात, दोन्हीकडनं दांड्या घालून. कँटीनची चिठ्ठी असली तरी."

"त्या दांड्या माणसाला शुभ," पूनम म्हणाली. "त्या मशीनच्या काळ्या खिडकीला त्यांचा अर्थ वेगळा. दांड्या दिसल्या की तिला वाटतं इथं काम संपलं. ती पासवर्ड अर्धवट सोडते आणि पुढचा शब्द नवं काम समजून करायला जाते. तसलं काम नसतं, म्हणून ती मिटते. हातानं टाकला तर मात्र दार उघडतं. म्हणून रोज सकाळी सगळं बरोबर दिसायचं. कुणी बंद पाडलं नाही, दादा. मी नाही, संपतभाऊंनी नाही, पुण्याच्या साहेबांनीही नाही."

हसणारा संचालक आता हसत नव्हता. दादांनी पेन उचललं.

"म्हंजी पासवर्ड तुला ठाव हाय."

"आज कळला. फाइल चालवून पाहिली तेव्हा."

"आज कळला का आधीपासनं ठाव हुता, हे कुणी ठरवायचं? आप्पांनी कुणाला सांगितला न्हाई. तू म्हणतीस तो खरा असंल, तर तूच चोर. खरा नसंल, तर तुझं कारण खोटं." त्यांनी दाराकडं पाहिलं. "संपत, तू हुतास ना तिथं?"

संपत दारात आला. खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं की तिच्यामुळं त्याच्या हातचं काम गेलं होतं. त्यालाही ते माहीत होतं. त्यानं टोपी काढली, परत घातली.

"हुतो," तो म्हणाला. "पडद्यावर उमटला तवा ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. आधीपासनं ठाव असणारं माणूस तसं घाबरत न्हाई. एवढंच मला म्हाईत."

"तुझ्या म्हणण्यावर बोर्ड चालायचा का?"

आता सगळं एका माणसावर येऊन थांबलं. पासवर्ड काय होता हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारा तो एकटाच होता, आणि त्यानं नाही म्हटलं असतं तर मागाहून तो बदलून टाकायलाही त्याला कुणी अडवलं नसतं. पूनमनं आप्पांकडं पाहिलं. आप्पा स्वतःच्या हाताकडं पाहत होते. तिच्या ब्लाउजच्या पुढं ओल पसरायला लागली होती. तिनं पदर घट्ट धरला. कँटीनकडून पोरीचं रडणं येतंय असा तिला भास होत होता, की खरंच येत होतं, ते कळत नव्हतं.

"गड्या," आप्पा शेवटी दादांना म्हणाले, "ते पेन खाली ठेव."

"आप्पा—"

"दांड्या म्याच घातल्या. नवं साल, नवा हंगाम, म्हटलं श्रीनं सुरवात करावी. इंग्रजी बटणावर श्री तर घावला, दांड्या घावंनात. एकेक बटण दाबून बघितलं तवा घावल्या." त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं. "रोज सकाळी तिला भिताडाकडं तोंड करून उभी केली म्या. आन् घोटाळा माझ्या बोटात हुता."

६

सगळे उठून कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. सत्यजीत फोनवर होता. आप्पांच्या परवानगीनं पूनमनं फाइल उघडली, पासवर्डाच्या अलीकडं आणि पलीकडं अवतरणचिन्हं घातली आणि फाइल चालवली. काळी खिडकी आली आणि या वेळी गेली नाही. पांढरी अक्षरं वर वर पळत राहिली. संपत कुणालाच न सांगता चहा आणायला गेला आणि आला तरी ती पळतच होती. मग खिडकी मिटली आणि तोडीच्या पहिल्या नंबरावर नानगाव आलं. वडगाव पार तळाला गेलं होतं.

"झालं तर," दादा म्हणाले. त्यांनी तो टाइप केलेला कागद चार तुकडे करून खिशात घातला. "पूनम, भाईर फळ्यावर लिही, यांत्रिक बिघाडामुळं नंबर थांबला हुता, आता सुरळीत झालाय. संचालकाचं नाव भाईर जायाची गरज न्हाई."

पूनम उठली नाही.

"लिही की."

"दादा, सकाळी फाटकात माझं नाव घेतलं. माझ्या सासऱ्यांचं घेतलं. नावानिशी घेतलं. यांत्रिक बिघाड म्हटला की ते म्हणतील, वाचवली तिला." तिचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "उद्या मी याच फाटकातून लेकीला कडेवर घेऊन येणार आहे. माझ्या सासूला दळणाला रांगेत उभं राहायचंय. तुम्ही मला पोलिसात देत होता तेव्हा कारण पाहिजे होतं ना, मग ते कारण बाहेरही जाऊ द्या. नाहीतर मी फळ्यावर काहीच लिहिणार नाही."

"संस्थेची अब्रू—"

"तिची बी हाय," आप्पा म्हणाले.

ते उठले आणि धोतराचा सोगा सावरत, कुणाकडं न बघता बाहेर पडले. दादा दोन पावलं मागून गेले आणि दारातच थांबले.

पूनम मात्र कँटीनमागं पळाली. भास नव्हता, स्वप्नाली खरंच रडत होती. बयाबाई तिला खांद्यावर टाकून भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होती. पूनमनं काही न बोलता पोर घेतलं आणि खाली फरशीवरच बसली. स्वप्नाली आधी रागानं डोकं आपटत राहिली, मग प्यायला लागली.

"काय झालं?" बयाबाईनं विचारलं.

बाहेरच्या कर्ण्यातून खरखर आली आणि मागोमाग आप्पांचं खाकरणं. त्यांना भाषणाची सवय होती, पण आज शब्द जड येत होते. नंबर का अडकला ते त्यांनी सांगितलं. कुंकू, दांड्या, काळी खिडकी, सगळं. लोकांना निम्मंच कळलं असावं, कारण मधेच कुणीतरी ओरडून विचारलं, "म्हंजी आप्पा, देवाचं नाव घेतलं म्हणून घोटाळा झाला म्हणायचं? देवानं केलं?"

कर्ण्यातून परत खाकरणं आलं.

"देवानं न्हाई," आप्पा म्हणाले. "म्या केलं. आन् म्हस्कूच्या सुनंनं शोधून काढलं. तिचं नाव सकाळी ज्यांनी घेतलं, त्यांनी माझं घ्यावं."

बयाबाई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. तिनं पोरीच्या डोक्यावर आलेला पूनमचा पदर काढून बाजूला केला, आणि तिचे दोन्ही हात रिकामे झाल्यावर त्यांचं काय करायचं हे तिला सुचेना.

बाहेर फाटकात आडवा लावलेला पहिला ट्रॅक्टर सुरू झाला. त्या आवाजानं स्वप्नाली दचकली, पण तिनं तोंड सोडलं नाही.